फोडी आणि रस्सा एकसारखे तापावेत म्हणून वीज कशी वापरावी

बडोद्यात थंडी पडली की मराठी घरांत दोन भाज्या हटकून होतात. एक म्हणजे शेजारधर्माने आपलासा झालेला उंधियू आणि दुसरी संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी. दोन्हींत कडक कंद आणि कोवळ्या शेंगा एकाच भांड्यात असतात, आणि दोन्ही करणाऱ्या हाताला ठाऊक असते की रताळे आधी घालायचे, पापडी मागाहून, आणि मधूनमधून एखादी फोड काढून बोटाने दाबून पाहायची. हीच भाजी डब्यात किंवा पाउचमध्ये भरून सहा महिने टिकवायची ठरली, तर बोटाने दाबून भागत नाही. तिथे प्रत्येक फोडीचा गाभा ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ राहिला, हे सिद्ध करावे लागते. असे पदार्थ विजेने तापवू पाहणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

वाफेच्या कढईत उष्णता भिंतीतून रश्श्यात, रश्श्यातून फोडीच्या सालीशी आणि तिथून गाभ्याकडे सरकते. शेवटचा टप्पा सर्वांत संथ असतो, कारण पाणीदार भाजीत उष्णतेला ५ मिलिमीटर आत शिरायला साधारण तीन मिनिटे लागतात, तर १० मिलिमीटरसाठी तीन नव्हे, सहाही नव्हे, जवळजवळ बारा मिनिटे लागतात. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. म्हणून मोठ्या फोडीचा गाभा तापेपर्यंत रस्सा आणि फोडीची बाहेरची बाजू नको इतकी शिजते, पापडीचा लगदा होतो आणि मसाल्याचा वास उडून जातो. विजेच्या पद्धतीत उष्णता बाहेरून आत जाण्याची वाट पाहावी लागत नाही. ती पदार्थाच्या आतच निर्माण होते. मात्र ती सगळीकडे सारखी निर्माण होईल, असे कोणी गृहीत धरू नये. माझा पहिला आग्रह असा की यंत्राचे दरपत्रक मागवण्याआधी फोडीची आणि रश्श्याची विद्युतवाहकता वेगवेगळी मोजावी. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या दोन आकड्यांतून निघतात.

तीन पद्धती, आणि कोणती कशासाठी

पहिली पद्धत ओहमिक तापनाची. यात दोन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वीज पोहोचवणाऱ्या धातूच्या टोकांच्या, मधून पदार्थ जातो, त्यातून थेट प्रवाह वाहतो आणि पदार्थाचा स्वतःचा विद्युतरोधच शेगडीचे काम करतो. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेत दुधाचे पाश्चरीकरण या तत्त्वावर होत असे. पुढे इलेक्ट्रोडच्या अडचणींमुळे ही पद्धत मागे पडली आणि १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये, नेमकी फोडी असलेल्या पदार्थांसाठीच, पुन्हा वर आली. पंपाने वाहू शकणाऱ्या रस्सेदार पदार्थासाठी माझी पहिली पसंती हिलाच आहे.

दुसरी पद्धत मायक्रोवेव्हची. घरगुती भट्टी २४५० मेगाहर्ट्झवर चालते आणि उद्योगात ९१५ मेगाहर्ट्झही वापरतात. पाणीदार, खारट पदार्थात २४५० मेगाहर्ट्झची लहर साधारण एक-दोन सेंटिमीटर खोल जाईपर्यंतच बरीचशी शोषली जाते, त्यामुळे जाड थराचा मधला भाग मागे राहतो; ९१५ची लहर अधिक खोल जाते. शिवाय डब्याचे कोपरे आणि कडा आधी तापतात, आणि लहरींच्या उंचसखलपणामुळे गरम व गार ठिपक्यांची नक्षी उमटते. हे दोष आवरण्यासाठी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पाउच पाण्यात बुडवून ९१५ मेगाहर्ट्झने तापवण्याची पद्धत विकसित झाली, आणि तिच्यावरच्या कुस्करलेल्या बटाट्याच्या प्रक्रियेला २००९ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. आधी भरून बंद केलेल्या, वाहू न शकणाऱ्या पदार्थासाठी हा मार्ग योग्य आहे, पण भांडवल मोठे लागते.

तिसरी पद्धत रेडिओ-लहरींची, बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवरची. या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असल्याने ती जाड थरातही खोलवर पोहोचते. गोठवलेले ठोकळे सैल करणे, भाजलेल्या बिस्किटांतला उरलेला ओलावा काढणे किंवा सुकामेवा निर्जंतुक करणे ही तिची खास कामे आहेत. खारट रस्सेदार भाजीला तिथे ठिणग्या उडण्याचा आणि कडा करपण्याचा धोका असतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः ओहमिक पद्धतीचे आहे.

वाहकता मोजताना होणारी चूक

रश्श्याची वाहकता साध्या पेन-मीटरने मोजता येते. मीटर बहुधा मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये आकडा दाखवतो. त्याला दहाने भागले की सीमेन्स प्रति मीटर मिळते. मीटर खरे सांगतो का हे पाहण्यासाठी एक लिटर शुद्ध पाण्याच्या द्रावणात ५.८५ ग्रॅम मीठ असेल असे करावे: २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता सुमारे १.०७ सीमेन्स प्रति मीटर यायला हवी. भाजीच्या रश्श्यात इतके मीठ सहज असते.

फोडीच्या बाबतीत मात्र अनेकांची फसगत होते. फोड मिक्सरमध्ये वाटायची आणि त्या गरात पेन बुडवायचा, हा सोपा वाटणारा मार्ग चुकीचा आहे. कच्च्या भाजीत मीठ आणि आम्ले पेशींच्या पडद्याआड कोंडलेली असतात. वाटताना पडदे फुटतात, रस मोकळा होतो आणि आकडा कितीतरी पटींनी वाढून येतो. योग्य मार्ग असा की रताळ्यातून किंवा बटाट्यातून २ सेंटिमीटर व्यासाची आणि २ सेंटिमीटर लांबीची कांडी कापावी, तिच्या दोन्ही टोकांना स्टीलच्या चकत्या घट्ट टेकवाव्यात आणि १२-०-१२ च्या साध्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट देऊन प्रवाह मोजावा. समजा १९ मिलिअँपिअर आले. प्रवाहाला लांबीने गुणून, व्होल्ट आणि छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागले की ०.०५ सीमेन्स प्रति मीटर मिळतात. म्हणजे वरच्या रश्श्यापेक्षा फोड वीसपटीने कमी वाहक आहे. अशा रश्श्यात थोड्याच फोडी तरंगत असतील, तर प्रवाह फोडींना वळसा घालून रश्श्यातूनच निघून जातो. रस्सा उकळीला येतो आणि फोड गार राहते.

ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. माझ्या आतेबहिणीचा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार भाज्यांचा छोटा कारखाना आहे, आणि तिथे आम्ही पहिली चाचणी कच्च्या रताळ्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी व खारट रस्सा घेऊन केली. रश्श्याचा तापमापक ८८ वर गेला तेव्हा प्रवाह बंद करून एक फोड लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, मधोमध कापली आणि कापलेल्या भागावर ग्वायकॉल व हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य थेंब सोडले. कडेची पाच-सहा मिलिमीटरची चौकट पांढरीच राहिली आणि आतला चौकोन दोन मिनिटांत विटकरी लाल झाला. भाजीतले पेरॉक्सिडेज नावाचे विकर जिवंत असेल तिथेच हा रंग चढतो. ताई त्या तुकड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "रस्सा तर बघ किती वाफाळतोय, मग हे आतून कच्चं कसं?" पेरॉक्सिडेजची ही तपासणी स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना दिसणारी असल्यामुळे मी ती प्रत्येकाला सुचवतो. मात्र तीतून फक्त गार जागा सापडते. निर्जंतुकपणा सिद्ध होत नाही. तपासलेली फोड खाण्यात जाऊ देऊ नये. जांभळ्या कोनफळावर हा रंग ओळखू येत नाही, त्यामुळे चाचणीसाठी पांढऱ्या गराचे रताळे किंवा बटाटा घ्यावा.

फोड आणि रस्सा जवळ आणणे

उपाय यंत्रात नाही, तयारीत आहे. फोडी आधी मीठ घातलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ वाफाळून काढाव्यात. सुमारे ७० अंशांपुढे पेशींचे पडदे सैल होतात, आतला रस मोकळा होतो आणि बाहेरचे मीठ आत शिरते; दोन्ही कारणांनी फोडीची वाहकता चढते. त्याच वेळी रश्श्यातले मीठ कमी करावे. भाजीला लागणाऱ्या एकूण मिठाचा बराच भाग फोडींतून जाऊ द्यावा आणि रश्श्यात थोडाच ठेवावा. साठवणीत मीठ दोन्हींत सारखे पसरते, त्यामुळे चवीत फरक पडत नाही. वाफाळल्यानंतर कांडीची चाचणी पुन्हा करावी. फोड आणि रस्सा यांच्यातील अंतर वीसपटीवरून दीड-दोन पटीवर आले की पुढे जायला हरकत नाही.

तिसरा आधार फोडींच्या प्रमाणाचा. नळीत फोडी दाटीने भरलेल्या असतील तर प्रवाहाला वळसा घालायला जागा उरत नाही आणि त्याला फोडींतून जावेच लागते. अशा दाटीत कमी वाहक फोड रश्श्याच्या बरोबरीने, क्वचित त्याच्याही पुढे तापते. पातळ आमटीपेक्षा दाट भाजी या पद्धतीला अधिक मानवते ती यामुळेच. पण हे प्रमाण दर घाण्याला बदलू देऊ नये, कारण दाट मालावर बसवलेली प्रक्रिया विरळ मालाला लागू पडत नाही.

तेल वीज वाहून नेत नाही. उंधियूतील मुठिया, म्हणजे पिठाचे मुटके, तळलेली, तेल प्यालेली असल्याने ती रश्श्यापेक्षा नेहमी मागे राहते. मुठिया या टप्प्यातून वगळावी आणि वेगळी प्रक्रिया करून वेगळी भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला भाजीबरोबर तापवण्याचा हट्ट धरला तर सगळ्या भाजीला मुठियेच्या वेळेने शिजावे लागेल.

फळांच्या बाबतीत चित्र उलटे होऊ शकते. केसर आंब्याच्या फोडी साखरेच्या दाट पाकात घातल्या, तर साखर वीज वाहत नसल्याने पाक मागे राहतो आणि आम्ल व क्षार असलेली फोड आधी तापते. पाकाच्या तापमानावर विसंबले तर फोडी जास्त शिजून विरघळतात. तिथे पाकात थोडे सायट्रिक आम्ल घालून वाहकता वर आणावी, चवही सुधारते.

चाचणीचा कोश

चाचणीच्या कोशासाठी पाच सेंटिमीटर आतील व्यासाची टेफ्लॉनची किंवा पॉलिकार्बोनेटची नळी घ्यावी आणि दोन टोकांच्या इलेक्ट्रोडमध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. १०० व्होल्ट दिले आणि पदार्थाची सरासरी वाहकता १ सीमेन्स प्रति मीटर असली, तर प्रवाह सुमारे २ अँपिअर येतो, शक्ती सुमारे २०० वॉट लागते आणि तापमान दर मिनिटाला साधारण १५ अंशांनी चढते. वाहकता तापमानाबरोबर वाढते. ढोबळ मानाने २५ अंशांच्या मूल्याच्या दोन टक्के दर अंशामागे. म्हणजे ८५ अंशांपर्यंत व्होल्ट तेवढेच ठेवूनही प्रवाह सवादोन पटींच्या आसपास, ४ अँपिअरच्या वर जातो. फ्यूज आणि तारा सुरुवातीच्या प्रवाहाच्या हिशेबाने बसवल्या तर त्या मध्येच जळतात.

सुरक्षेबद्दल मी अतिशय गंभीरपणे सांगतो. व्हेरिअॅक व्होल्ट कमी-जास्त करतो, पण तो घराच्या विजेपासून कोशाला वेगळा करत नाही. त्याच्या आधी वा नंतर विलग करणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला झालेली गळती मुख्य फलकावरच्या आरसीसीबीला, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचला, कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणून कोशाला पारदर्शक झाकण असावे आणि ते उघडताच वीज तुटेल असा स्विच त्यावर असावा. झाकण उघडे असताना चमच्याने ढवळण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. काम परवानाधारक विद्युत-तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत-उपकरणांचा जुना उद्योग असल्याने असा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही.

इलेक्ट्रोड हा या पद्धतीचा नाजूक भाग आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर खारट रश्श्यात साधे स्टील झिजते, धातूचे कण पदार्थात उतरतात आणि पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे धरतात. बुडबुड्याशी प्रवाह तुटतो, ठिणगी पडते आणि तिथला रस्सा करपून चिकटतो. यावर दोन उपाय आहेत: टायटॅनियमवर प्लॅटिनमचा थर दिलेले इलेक्ट्रोड, किंवा काही हजार ते काही दहा हजार हर्ट्झवर चालणारा वीजपुरवठा. चाचणीपुरते स्टील चालेल, पण त्या मालाची चव घेऊ नये. विक्रीच्या मालासाठी हा खर्च टाळता येत नाही.

किती तापवावे, किती वेळ धरावे

येथे पहिला प्रश्न पीएचचा, म्हणजे आंबटपणाच्या मापाचा आहे; पीएच जितका कमी तितका पदार्थ आंबट. पीएच ४.६ पेक्षा कमी असेल, जसे आंबा, अननस किंवा टोमॅटोचा आंबट रस्सा, तर क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू वाढू शकत नाहीत आणि ९० अंशांच्या आसपासची प्रक्रिया बहुधा पुरते. उंधियू किंवा भोगीची भाजी ४.६ च्या वर असते. ती सामान्य तापमानाला टिकवायची तर सर्वांत गार फोडीच्या गाभ्याला १२१.१ अंशांवर किमान ३ मिनिटांच्या बरोबरीची उष्णता मिळायला हवी. हे काम अंदाजाने करण्याचे नाही. बॉट्युलिनमचे विष डब्याच्या वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असे नाही आणि ते जीव घेते.

विजेच्या तापनाचा खरा लाभ इथे दिसतो. तापमान १० अंशांनी वाढवले की बीजाणू मरण्याचा वेग दहापट होतो, पण भाजी शिजण्याचा वेग जेमतेम दुप्पट होतो. १३१ अंशांवर ३ मिनिटांचे काम १८ सेकंदांत होते आणि तेवढ्या वेळात पापडी आपला आकार सोडत नाही. वाफेच्या कढईत १३१ अंशांचा हा लाभ घेता येत नाही, कारण गाभा तिथवर पोहोचेपर्यंत बाहेरचा भाग कितीतरी मिनिटे त्या तापमानात शिजत राहतो. अर्थात १३१ अंशांवर पाणी उकळू नये म्हणून नळीत वातावरणापेक्षा जवळजवळ दोन बारने अधिक दाब सतत धरावा लागतो. दाब क्षणभर पडला तरी वाफेचे बुडबुडे होतात आणि प्रवाह तुटतो.

तापल्यानंतर माल धरून ठेवण्याच्या नळीची लांबी सरासरी वेगावर काढू नये. दाट रस्सा संथपणे वाहताना मधोमधचा भाग सरासरीच्या दुपटीपर्यंत वेगाने पुढे जाऊ शकतो, आणि एखादी फोड नेमकी तिथे असते. म्हणून हिशेब सर्वांत वेगवान फोडीचा करावा, म्हणजे १८ सेकंदांसाठी सरासरी ३६ सेकंदांची नळी. गाभ्याचे तापमान नळीत मोजता येत नाही, कारण फोड पळत असते. यासाठी अल्जिनेट या समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थाच्या मण्यांत उष्णतेला चिवट असे निरुपद्रवी बीजाणू भरून ते मालाबरोबर सोडतात आणि पलीकडे गोळा करून किती जगले ते पाहतात. ही तपासणी प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी. म्हैसूरच्या सीएफटीआरआयसारखी, १९५० पासून अन्नप्रक्रियेत काम करणारी संस्था किंवा जवळचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय यांच्याशी यंत्र विकत घेण्याआधी बोलावे, विकत घेतल्यावर नव्हे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, परवान्याच्या अर्जातही प्रक्रियेची खरी नोंद द्यावी.

थंड करण्याची बाजू अनेक आराखड्यांत दुर्लक्षित राहते. वीज फोडीच्या गाभ्यात उष्णता घालू शकते, पण ती काढून घेऊ शकत नाही. थंड होताना फोडीला पुन्हा त्याच संथ मार्गाने, गाभ्यातून बाहेर, उष्णता सोडावी लागते. म्हणूनच फोडी दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ठेवू नयेत. तापवायला त्या चालतील, निववायला चालणार नाहीत, आणि पाउचमध्ये गेल्यावरही त्या आतून शिजत राहतील.

भरलेल्या मालातून प्रत्येक घाण्याचे काही पाउच बाजूला काढून ३७ अंशांच्या कपाटात १४ दिवस ठेवावेत आणि रोज हाताने चाचपून पाहावेत. एकही फुगला तर तो घाणा पूर्ण थांबवावा, फुगलेला पाउच तोंडाजवळ न नेता प्रयोगशाळेत पाठवावा, आणि त्या दिवशीचे मिठाचे प्रमाण, फोडींचे वजन, वाहकतेचे दोन्ही आकडे व दाबाची नोंद पुन्हा तपासावी. ताईच्या कारखान्यात ही वही इलेक्ट्रोडच्या कपाटालाच दोरीने बांधून ठेवली आहे, म्हणजे पाळी बदलताना ती कोणाच्या खिशातून घरी जात नाही.